कूस बदलेपर्यंत

आमच्या घरात कुणाला झोपेतून उठवायचं असलं, तर आधी त्यानं कूस बदलायची वाट पाहावी लागे. हा नियम अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते धारवाडला होऊ घातलेल्या मास्तरांना विज्ञान शिकवायचं कसं हे शिकवत, आणि जे शिकवत त्याचा प्रयोग आधी घरी करत. माणूस गाढ झोपेत असताना त्याला हाक मारली तर तो दिवसभर चिडचिडा राहतो, आणि कूस बदलून झाल्याबरोबर हाक मारली तर हसत उठतो, असं त्यांचं म्हणणं होतं. हाकही कशी, तर हळू आवाजात, नावानं, तीनदा. अंगाला हात लावायचा नाही. एकदा कोल्हापूरचा मामा आमच्याकडे मुक्कामाला होता. सकाळी हुबळीला त्याचं काम होतं. तो कूस बदलेना आणि अप्पा त्याला उठवू देईनात. शेवटी तो आपोआप जागा झाला तेव्हा ऊन अंगणात आलं होतं. ‘‘भावजी, तुमचं शास्त्र भारी आहे, पण मला पुढच्या वेळी लॉजवर उतरू द्या,’’ असं म्हणून तो गेला. अप्पांनी वहीत लिहिलं, ‘पाहुणा. उताणा झोपतो. निरीक्षण अवघड.’

ती वही लांबट, निळ्या पुठ्ठ्याची होती. रोज पहाटे अप्पा कंदील बारीक करून आमच्या अंथरुणांशी बसत आणि कोण किती वाजता वळलं ते टिपत आणि त्यावरून प्रत्येकाच्या झोपेची वरखाली जाणारी रेघ काढत. अशा कित्येक महिन्यांच्या जागरणातून त्यांनी ठरवलं की झोप सरळ एका ओळीत चालत नाही, ती फेऱ्या घालते, आणि एक फेरी साधारण दीड तासाची असते. झालं. मग घरातल्या झोपायच्या वेळा उलट्या मोजणीनं ठरू लागल्या. सहाला उठायचं तर नऊला पडा. नऊ चुकलं तर साडेदहाला पडा, मधेच दहाला पडू नका, कारण मग सहा वाजता तुम्ही फेरीच्या तळाशी असाल. आई म्हणायची, ‘‘मला दहाला झोप येतीय हो, मी काय करू?’’ अप्पा गंभीरपणे सांगायचे, ‘‘अर्धा तास शेंगा निवड की.’’ घरातलं गजराचं घड्याळ तर त्यांना शत्रूसारखं वाटे. एक दिवस ते घड्याळ घेऊन अप्पा सुभाष रोडवरच्या घड्याळजीकडे गेले आणि म्हणाले, यातला गजर तेवढा काढून टाका. घड्याळजीनं भिंग डोळ्यावरून काढून त्यांच्याकडे पाहिलं. ‘‘मास्तर, माणसं गजर बसवून घ्यायला येतात हो माझ्याकडं,’’ तो म्हणाला. पण काढून दिला. त्यानंतर आमचं घड्याळ नुसतंच टिकटिकत बसे.

आईचं स्वतःचं एक निराळं शास्त्र होतं, आणि ते चुलीवर शिजे. रात्री हुळग्याचा, म्हणजे कुळथाचा, कट नको, पोट जागं राहतं. लवकर निजायचं असलं की मऊ भात, ताक आणि वर मेतकूट. परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी चुरमुऱ्यांचं गिरमिट, म्हणजे नऊपर्यंत डोळे मिटणार नाहीत इतपत मिरची. जेवणं उरकली की मागल्या दारी भांड्यांचा आवाज, मग चुलीतली राख ओढल्याचा खरखराट, मग शेजारच्या गौडरांच्या गोठ्यातल्या म्हशीची घंटा, आणि या सगळ्याच्या मागे स्टेशनातल्या मालगाड्यांचे डबे एकमेकांवर आदळायचे. आमचं घर मालमड्डीत, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. पाहुण्यांना त्या आवाजानं झोप लागत नसे, आणि आम्हांला तो थांबला की जाग येई. अप्पांनी आईच्याही झोपेचं निरीक्षण करायचा प्रयत्न केला होता, पण ती झोपायच्या आत त्यांचाच डोळा लागे, आणि ते जागे होईपर्यंत ती उठून अंघोळ करून मोकळी झालेली असे. वहीत तिच्या नावाखाली एवढंच होतं, ‘नोंद नाही.’

मी घरात धाकटी. मला लहानपणापासून अंधार असतानाच जाग यायची. त्यामुळं अकरा-बारा वर्षांची झाले तशी अप्पांनी पहाटेची वही माझ्याकडे सोपवली. मला त्याचा केवढा ताठा! शाळेत कुणी विचारलं की मी सांगे, ‘‘आमच्या घरात मी सगळ्यांना उठवते.’’ अप्पांनी मला बजावलं होतं की निरीक्षणात खोटं लिहायचं नाही, दिसलं नाही तर ‘दिसलं नाही’ असं लिहायचं. आता माझी नात मनगटावर काळं घड्याळ बांधून झोपते आणि सकाळी फोनमध्ये पाहून मला सांगते, ‘‘आजी, काल माझी गाढ झोप कमी झाली.’’ पडद्यावर डोंगरदऱ्यांसारखी रेघ असते. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नातीला वाटलं मी तिच्या तब्येतीच्या काळजीनं रडतेय. अप्पांनी कंदिलाच्या उजेडात हातानं काढलेली रेघ अशीच दिसायची, हे तिला कुठून कळणार! मी स्वतः आता तीनलाच जागी होते आणि छताकडे बघत पडून राहते, माझ्या फेऱ्या मोजायला कुणी नाही.

वहीतलं सगळ्यांत सुरेख पान अक्काचं होतं. शालिनीअक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिची झोप इतकी नेमकी की अप्पा तिला आदर्श नमुना म्हणत. ती आणि मी मधल्या खोलीत एकाच कौदीखाली झोपायचो. कौदी म्हणजे जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली आमच्याकडची गोधडी. अक्का माझ्या पाठीवर बोटानं कानडी अक्षरं काढायची आणि मी ती ओळखायची. तीन अक्षरं ओळखून होईतो मला झोप लागे. तिच्या वेणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय मला झोप येत नसे, हे मी शाळेत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. ती एकदा चार दिवस मावशीकडे बेळगावला गेली होती, तेव्हा मी चारही रात्री टक्क जागी होते, आणि अप्पांच्या वहीत माझ्या पानावर चार आडव्या सरळ रेघा आहेत. मी तिच्यावर प्रेम करायचे असं म्हणणं अपुरं आहे. माझी झोपच तिच्याकडे होती.

मिरजेहून पत्र आलं ते याच अक्काला. तिथल्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला मुली घेणार होते आणि तिला मुलाखतीला बोलावलं होतं. आमच्या ओळखीच्या घरांतून तोवर कुणी नर्स झालेली नव्हती. मास्तरीण व्हायला कुणाची हरकत नसे. आई दोन दिवस गप्प राहिली आणि तिसऱ्या दिवशी अक्काची पातळं धुवायला काढली, म्हणजे तिचा होकार होता. अप्पांनी जातीपातीबद्दल, लोक काय म्हणतील याबद्दल चकार शब्द काढला नाही. ते तसले नव्हतेच. त्यांची हरकत रात्रपाळीला होती. ‘‘शालू, शरीराला आपलं एक वेळापत्रक असतं. तू रात्री जागणार, दिवसा झोपणार. उलटं चाक फिरवल्यासारखं आहे ते. तुझ्यासारखी झोप हजारात एखाद्याला मिळते, आणि ती तू मोडणार?’’ अक्का भाकरी थापत होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘‘अप्पा, आजारी माणसं वेळापत्रक बघून कण्हत नाहीत.’’ शेवटी अप्पा म्हणाले, ‘‘जा. बघून तर ये.’’ पण त्या रात्री वहीतलं तिचं पान उघडून ते बराच वेळ बसले होते. मलाही मग कळलं की बघून येणं म्हणजे जाणं.

गाडी पहाटे पाचच्या आतली होती. त्या गाडीनं गेलं तरच दुसऱ्या दिवशी सकाळच्या मुलाखतीला पोचता येणार होतं. मिरजेला आईची चुलतबहीण स्टेशनवर येणार होती, इथून गाडीत बसवून देण्याचं काम अप्पांचं. चारला उठायचं म्हणून अप्पांनी मागे मोजत जाऊन सांगितलं की अक्कानं साडेआठला झोपावं. अक्का हसली. अजून ट्रंक भरायची होती, केस धुतलेले वाळायचे होते, आणि आई सतरा वेळा येऊन ‘‘हे घेतलंस का’’ विचारत होती. साडेआठ गेले. ‘‘आता दहाला,’’ अप्पा म्हणाले. दहाला तिनं दिवा मालवला. पडल्या पडल्या तिनं माझ्या पाठीवर एक अक्षर काढलं. मी ओळखलं नाही. खरं म्हणजे ओळखलं होतं, पण सांगितलं तर ती दुसरं काढेल आणि मग तिसरं, आणि मग संपेल, म्हणून गप्प राहिले. ‘‘झोपलीस होय गं?’’ ती म्हणाली आणि वळली. तिला उठवायचं काम अर्थातच माझं होतं. अप्पांनी संध्याकाळीच सांगितलं होतं, चारच्या आसपास ती कूस बदलेल, तेव्हा हाक मार. तिला ताजंतवानं उठू दे, मोठा दिवस आहे तिचा.

मी साडेतीनच्या आधीच उठून बसले. कंदील बारीक, मांडीवर वही. आई मागल्या पडवीत चुलीशी होती. दशम्यांचा दुधाळ वास आत येत होता आणि खलबत्त्यात शेंगांची चटणी कुटल्याचा आवाज. अप्पा समोरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेले. चारला पाच कमी असताना अक्का वळली. अगदी वहीत लिहिल्यासारखी. माझ्याकडे तोंड करून वळली आणि तिचा हात माझ्या पायावर पडला. मी तोंड उघडलं. नुसतं ‘अक्का’ म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. मी काही ठरवून बसले नव्हते, हे आज शपथेवर सांगेन, पण त्या एका क्षणात मला इतकंच कळलं की मी गप्प राहिले तर ती राहील. चटणीचा आवाज थांबला. ‘‘उठली का गं अक्का?’’ आईनं हळूच विचारलं. मी म्हणाले, ‘‘उठली.’’ थोड्या वेळानं तिनं तव्यावरची दशमी न सोडता पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हणाले, ‘‘वेणी घालतीय.’’ आणि ती वेणी माझ्या मुठीत होती. अक्का त्यानंतर आणखी एकदा वळली, आणि आणखी एकदा. वहीत मी काहीच लिहिलं नाही.

गाडी सुटल्याची शिट्टी आमच्या घरात रोज ऐकू येई. त्या दिवशी ती ऐकून अक्का ताडकन उठून बसली. तिनं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेवढ्यात आई हातात दशम्यांचं फडकं घेऊन दारात आली आणि अंथरुणातल्या अक्काला बघून तशीच उभी राहिली. ‘‘सुमे,’’ अक्का म्हणाली. नुसतं माझं नाव. मी वही पुढे केली आणि म्हणाले, ‘‘तू कूस बदललीच नाहीस. मी बघत होते. नियमच आहे ना अप्पांचा.’’ अक्काचे डोळे भरून आले. ती अप्पांच्या खाटेकडे बघत म्हणाली, ‘‘तुमच्या त्या शास्त्रानं घात केला की हो माझा.’’

भिंतीकडे तोंड केलेले अप्पा उठून बसले. डोळ्यांत झोपेचा मागमूस नव्हता. ‘‘बदलली,’’ ते म्हणाले. ‘‘तीनदा बदलली. चारला पाच कमी असताना पहिली. मी जागा होतो. सुमीनं हाक मारली नाही, आणि मीही मारली नाही.’’

अप्पांना मी त्याआधी कधी मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं. अक्का ओरडेल असं मला वाटलं, तिनं मला मारलं असतं तर फार बरं झालं असतं. ती नुसती आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली, जणू कुणीतरी परकी माणसं घरात शिरली होती. मग तोंड ओंजळीत लपवून रडू लागली. मीही रडू लागले. आई मात्र रडली नाही. तिनं दशम्या ट्रंकेवर ठेवल्या आणि म्हणाली, ‘‘गाडी अळणावरला इंजिनाचं पाणी घेते. दांडेलीच्या फाट्याची माणसं चढेपर्यंत थांबतीय. बसप्पाची लॉरी अजून दारात आहे. ऊठ शालू, तोंड धू. रडायचं ते लॉरीत रड.’’ बसप्पा समोरच्या घरातला. तो रोज पहाटे रिकामी लॉरी घेऊन अळणावरला सागवान भरायला जायचा. आई अनवाणी रस्ता ओलांडून गेली. पाच मिनिटांत ट्रंक लॉरीत, अक्का लॉरीत. अप्पा धोतर सावरत चढले. मी दाराशी उभी होते, तर आईनं माझ्या दंडाला धरून मला पुढे ढकललं. ‘‘हिलाही न्या. आपण काय केलं ते बघू दे हिला.’’ बसप्पानं अप्पांकडे पाहून विचारलं, ‘‘एन आत्री मास्तर?’’ काय झालं म्हणून. अप्पा म्हणाले, ‘‘चूक झाली, बसप्पा.’’ ‘‘लगूना हत्तरी मग,’’ तो म्हणाला, लवकर चढा, आणि लॉरी सुरू झाली.

पुढल्या बाकावर आम्ही चौघं. बसप्पा, अप्पा, मी आणि खिडकीशी अक्का. ती माझ्याकडे पाठ करून बाहेर बघत होती. गावाबाहेर पडेपर्यंत तिचे खांदे हलत होते, मग हलायचे थांबले. रस्ता असा की दात दातांवर आपटत, पण रात्रीच्या धावपळीनं आणि रडण्यानं ती थकली होती. जंगल सुरू झालं, सागाची मोठाली पानं दिव्यांच्या उजेडात दिसू लागली, आणि तिचं डोकं कलंडून माझ्या खांद्यावर आलं. जागी असती तर आलं नसतं. बसप्पा म्हणाला, ‘‘पाप, मलगली बिड्री,’’ झोपू दे बिचारीला. मी हलले नाही. माझा खांदा बधिर झाला तरी हलले नाही. मग बऱ्याच वेळानं मी अप्पांना हळूच विचारलं, ‘‘तुम्ही का नाही हाक मारली?’’

अप्पा समोर रस्त्याकडे बघत होते. ‘‘तिला नाही म्हणायची माझी छाती नव्हती,’’ ते म्हणाले. ‘‘वाटलं, गाडी आपली आपण निघून जाईल, आणि मला काही म्हणावंच लागणार नाही. तू गप्प राहिलीस तेव्हा मला बरं वाटलं, सुमे. इतका मी वाईट.’’

‘‘मग सांगितलंत कशाला?’’

‘‘तू म्हणालीस की तिनं कूस बदलली नाही. जे दिसलं ते नाही दिसलं म्हणून सांगितलंस, आणि ते माझ्या वहीवर ढकललंस.’’ मग म्हणाले, ‘‘ते मला चालेना.’’ आज मला या उत्तराचं हसू येतं. मुलीची गाडी चुकलेली त्यांना चालली होती, चुकीची नोंद चालली नव्हती! पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. माझ्या बापाला माझ्याइतकीच तिची भीती वाटते, म्हणजे तिच्या जाण्याची, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि त्यामुळं माझं दुःख कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झालं.

अळणावर आलं तेव्हा फटफटलं होतं. स्टेशनामागल्या लाकडाच्या वखारींतून ओल्या सालींचा वास येत होता. गाडी उभी होती. इंजिनाचं पाणी घेऊन झालं होतं आणि एक माणूस नळाची सोंड बाजूला फिरवत होता. बसप्पानं लॉरी फलाटाच्या कुंपणाला भिडवली आणि ट्रंक उचलून पळत सुटला. अक्का गाढ झोपेत होती. तोंड किंचित उघडं, श्वास लांब. फेरीच्या तळाशी होती ती, हे मला वहीशिवाय कळत होतं. कूस बदलायचं चिन्हसुद्धा नव्हतं. अप्पा तिच्याकडे वाकले. त्यांचे ओठ हलले, पण आवाज निघेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘‘सुमे,’’ ते कसेबसे म्हणाले, ‘‘तूच मार हाक.’’

गार्डानं शिट्टी तोंडाला लावली होती. मी गप्प राहिले असते तरी चाललं असतं. त्या झोपेतून ती आपणहून उठली नसती, आणि अप्पांनी या वेळी कुणाला काही सांगितलं नसतं, याची मला आजही खात्री आहे. मी दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले आणि गदागदा हलवलं. ‘‘अक्का, ऊठ! ऊठ, गाडी आलीय!’’ तिनं डोळे उघडले. क्षणभर तिला काहीच आठवत नव्हतं, आणि रोज सकाळी हसायची तशी ती माझ्याकडे पाहून हसली. मग आठवलं. हसू गेलं. तिनं दार ढकललं, उडी मारली आणि निऱ्या धरून बसप्पाच्या मागे धावत सुटली. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही, आणि मी लॉरीच्या पायरीवर उभी राहून, घसा फाटेपर्यंत, ‘‘पळ अक्का, पळ’’ म्हणून ओरडत होते.